अंत्यविधी, भंडारा जिल्ह्यातील

अंत्यविधी, भंडारा जिल्ह्यातील : मृत्यू घडल्यापासून देहाचे दहन वा दफन होईपर्यंत आणि त्यानंतर सुतक फिटेपर्यंत मृताच्या कुटुंबास जी धार्मिक, सामाजिक व कायदेशीर कृत्ये करावी लागतात, त्यांस सामान्यतः अंत्यविधी असे म्हणतात. धर्मशास्त्रातील ‘अंत्येष्टी’ ही संज्ञा याहून संकुचित आहे. तीत पोलीस, रुग्णालय, ग्रामपंचायत आणि तलाठी यांना स्थान नाही. परंतु आजच्या कुटुंबाचा पुरोहिताइतकाच यांच्याशीही संबंध येतो. वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्ह्यात १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाल्यानंतर भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी हे सात तालुके राहिले. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ असून तीपैकी सुमारे चार पंचमांश ग्रामीण आहे. त्यामुळे बहुतेक अंत्यविधी गावातच, भाऊबंद व शेजारी यांच्या हातांनी पार पडतात. मोबदला घेऊन सर्व व्यवस्था पाहणाऱ्या संस्था मोठ्या शहरांत आढळतात. खेड्यांत त्या नाहीत आणि त्यांची उणीवही फारशी भासत नाही.

गावातील मदत आपोआप मिळते, तशी घाईही आपोआप होते. सूर्यास्तापूर्वी दहन व्हावे, घरात चूल पेटत नाही म्हणून उशीर नको, पाहुण्यांना परतायचे आहे, अशा कारणांनी पहिल्या काही तासांतच सर्व निर्णय घेतले जातात. या निर्णयांत दोन प्रकार असतात. मृत्यूची खात्री, मृत्यूच्या कारणाची नोंद, शवविच्छेदन व नेत्रदान या गोष्टी दहनानंतर कोणत्याही उपायाने करता येत नाहीत. याउलट पिंडदान, अस्थिविसर्जन, तेरवी, पितरांचे विधी हे पुढे ढकलता येतात, संक्षेपाने करता येतात किंवा गाळताही येतात, आणि धर्मग्रंथांनीच त्यासाठी मुभा ठेवलेली आहे. प्रत्यक्षात मात्र पुष्कळदा पहिल्या प्रकाराकडे दुर्लक्ष होते आणि दुसऱ्यासाठी कर्ज काढले जाते.

मृत्यूची खात्री : मृत्यू रुग्णालयात झाल्यास तो तेथील डॉक्टर घोषित करतात. घरी झाल्यास प्राथमिक आरोग्य केंद्राच्या किंवा उपचार करीत असलेल्या डॉक्टरांकडून देह तपासून घेणे आवश्यक होय. वृद्ध व दीर्घकाळ आजारी व्यक्तीच्या बाबतीत हा उपचार वाटला, तरी काही प्रसंगी तो जीव वाचविणारा ठरतो. धानाच्या हंगामात जमिनीवर निजणाऱ्या माणसांना मण्यार हा साप रात्री दंश करतो. दंशाची जागा बहुधा दिसत नाही, वेदना व सूज नसते. पहाटे पोटदुखी होते, पापण्या खाली येतात आणि पुढे सर्व स्नायू लुळे पडून श्वास थांबतो. अशा रुग्णाच्या बाहुल्या विस्फारलेल्या व निश्चल असतात आणि तो मृतवत भासतो. परंतु हृदय चालू असेपर्यंत कृत्रिम श्वासोच्छ्‌वास व प्रतिविष मिळाल्यास तो पूर्ण बरा होऊ शकतो. वीज पडून श्वास थांबलेल्या माणसाबाबतही हेच खरे आहे. म्हणून अचानक ‘गेलेल्या’ धडधाकट व्यक्तीस श्वास देत, छाती दाबत रुग्णालयातच न्यावे. तिरडीचे बांबू आणण्यास कोणास पाठवू नये.

मृत्यू निश्चित झाल्यावर डोळे मिटवून, जबडा कापडी पट्टीने बांधून, हातपाय सरळ करून ठेवावेत. स्नायूंचे काठिण्य दोन ते चार तासांत सुरू होते व सुमारे बारा तासांत पूर्ण होते. त्यानंतर अवयव सरळ करताना बळ लागते व ते पाहणे नातेवाइकांना दुःसह होते. दागिने दोन जाणत्या नातेवाइकांसमक्ष उतरवून एकाच्या स्वाधीन करावेत. हृदयाचा गतिनियामक (पेसमेकर) बसविलेला असल्यास तो डॉक्टरांकडून काढून घ्यावा, कारण चितेत त्याचा स्फोट होतो. उन्हाळ्यात जिल्ह्याचे तापमान ४५° से. च्या आसपास जाते. दूरच्या मुलांची वाट पाहावयाची असल्यास बर्फ किंवा भाड्याने मिळणारी शीतपेटी यांची सोय पहिल्या दोन-तीन तासांतच करावी, अथवा देह रुग्णालयाच्या शवागारात ठेवण्याची विनंती करावी.

नेत्रदानासाठी मृत्यूपासून सुमारे सहा तासांची मुदत असते. मृताने पूर्वी अर्ज भरलेला नसला तरी जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने ते करता येते. पथक येईपर्यंत पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा व डोके किंचित उंच ठेवावे. चेहरा विद्रूप होत नाही. संपूर्ण देहदान महाराष्ट्र शरीररचनाशास्त्र अधिनियम, १९४९ अन्वये वैद्यकीय महाविद्यालयास करता येते. नागपूर व गोंदिया येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. शवविच्छेदन झालेला किंवा संसर्गजन्य रोगाने मृत झालेला देह सामान्यतः स्वीकारला जात नाही, म्हणून देहदानाची इच्छा असलेल्या कुटुंबानेही दहनाची पर्यायी तयारी मनाशी ठेवावी.

अनैसर्गिक मृत्यू : सर्पदंश, पाण्यात बुडणे, वीज, विजेच्या तारेचा धक्का, भाजणे, विषप्राशन, गळफास, वाहनाचा अपघात, उंचावरून पडणे, वन्य प्राण्याचा हल्ला आणि कारण न कळलेला अकस्मात मृत्यू यांची खबर पोलिसांना देणे बंधनकारक आहे. गावात हे काम पोलीस पाटलामार्फत होते. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ अन्वये ते त्याचे कर्तव्यच आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली पोलीस चौकशी करतात. विदर्भात या नोंदीस ‘मर्ग’ असे म्हणतात. मर्ग दाखल होणे म्हणजे कुणावर गुन्हा दाखल होणे नव्हे. हा गैरसमज खोलवर रुजलेला असल्याने पुष्कळ कुटुंबे ‘पोलिसांचे लचांड नको’ म्हणून देह परस्पर दहन करतात.

त्याचे परिणाम पुढे भोगावे लागतात. शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूबद्दल त्याच्या वारसांना गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख रु. मिळतात, वीज पडून वा पुरात वाहून मृत्यू झाल्यास नैसर्गिक आपत्तीच्या निधीतून ४ लाख रु. साहाय्य मिळते, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प, कोका आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यांच्या लगतच्या गावांत वाघ, बिबट्या वा रानडुक्कर यांच्या हल्ल्यात माणूस दगावल्यास वन विभाग अर्थसाहाय्य देतो. या प्रत्येक ठिकाणी पंचनामा व शवविच्छेदन अहवाल मागितला जातो. काही प्रसंगी नियमांत सूट असली, तरी ती मिळविण्यासाठी अन्य पुरावा जमवावा लागतो व त्यात महिने जातात. कर्ता पुरुष रात्री मण्यार चावून गेला, कारण कळले नाही, ‘पोटात दुखून गेला’ असे म्हणून सकाळी दहाला चिता पेटली, तर त्या कुटुंबाच्या हाती मृत्यूचे कारण सिद्ध करणारे काहीही राहत नाही. विमा कंपनीपुढेही हाच प्रश्न उभा राहतो.

शवविच्छेदन भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालय, तुमसर व साकोली येथील उपजिल्हा रुग्णालये आणि ग्रामीण रुग्णालये येथे विनामूल्य होते. ते बहुधा दिवसाउजेडी करतात. पुरेशी साधने असलेल्या रुग्णालयांत सूर्यास्तानंतरही करण्यास केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२१ मध्ये अनुमती दिली, मात्र खून, आत्महत्या यांसारख्या प्रकरणांत ती सामान्यतः लागू नाही. सायंकाळी घडलेल्या मृत्यूचा देह म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिळेल असे धरूनच पाहुण्यांना निरोप द्यावा. देह स्वाधीन घेताना पंचनाम्याची प्रत व मर्ग क्रमांक लिहून घ्यावा. विषबाधेच्या शंकेत आतड्याचा वगैरे अंश (व्हिसेरा) नागपूरच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे जातो व अंतिम अहवाल उशिरा येतो. दहन त्यासाठी थांबत नाही. शवविच्छेदन झालेला देह शिवलेला व कापडात गुंडाळलेला असतो. त्यास घरी पुन्हा स्नान घालण्याचा आग्रह न धरता वरून पाणी शिंपडून वस्त्र पांघरणे योग्य होय.

रुग्णालयातून देह आणणे : जिल्ह्यातील गंभीर रुग्ण सुमारे ६० किमी. वरील नागपूरला हलविले जातात व त्यांतील काही तेथेच मृत्यू पावतात. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका रुग्णांसाठी असून शव नेण्यास ती मिळत नाही. शववाहिका वेगळी मागवावी लागते. भाडे निघण्यापूर्वी व नातेवाइकांच्या साक्षीने ठरवावे. अशा वेळी एक गोष्ट विसरली जाते. मृत्यूची नोंद मृत्यू घडला त्या ठिकाणी होते, राहत्या गावी नव्हे. नागपूरच्या रुग्णालयात मृत्यू झाल्यास दाखला नागपूर महानगरपालिकेकडून मिळतो. गावच्या ग्रामपंचायतीत त्यासाठी खेपा घालणे व्यर्थ होय. रुग्णालयात मृताचे नाव आधारपत्र व सातबारा यांवरील नावाप्रमाणेच लिहिले गेले आहे काय, हे तेथून निघण्यापूर्वी पाहावे. उपचाराचे देयक थकल्याच्या कारणाने देह अडवून ठेवण्याचा रुग्णालयास अधिकार नाही.

स्मशानभूमी : भंडारा हा पूर्वीच्या मध्य प्रांताचा भाग. १९५१ मध्ये मालगुजारी नष्ट झाल्यावर गावाच्या सामाईक वापराच्या जमिनी शासनाकडे आल्या आणि त्यांवरील हक्क निस्तारपत्रकात नोंदले गेले. मसणवटीची जागाही महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ खाली गावासाठी राखून ठेवता येते. प्रत्यक्षात काही गावांत ती नदीकाठच्या किंवा तलावाच्या पाळीखालच्या जागेत केवळ वहिवाटीने चालत आलेली असते व अभिलेखात तिचा उल्लेख नसतो. शेजारच्या शेतकऱ्याने वाट अडविली की प्रेत खांद्यावर असताना वाद उद्‌भवतो. ग्रामपंचायतीने सातबाऱ्यावर स्मशानभूमीची नोंद व जाण्याचा रस्ता ही दोन कामे आधीच करून घेणे हाच यावर उपाय आहे. ऐनवेळी मात्र तहसीलदार व पोलीस यांना कळवून तोडगा काढावा लागतो.

जातीच्या कारणावरून स्मशानभूमीचा वापर नाकारणे हा गुन्हा आहे. अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियमातील २०१५ च्या सुधारणेने तो स्पष्टपणे नमूद केला असून, जातपंचायतीने अंत्यविधीस अडथळा आणणे हे महाराष्ट्राच्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने (२०१६; अंमल २०१७ पासून) दंडनीय ठरविले आहे.

वैनगंगाकाठी आणखी एक अडचण आहे. पवनी तालुक्यातील गोसीखुर्द धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी बसविण्यात आली आणि पुढे पाणी अडविल्यावर नदीकाठची अनेक गावे त्यांच्या घाटांसह व मसणवटींसह बुडितात गेली. पुनर्वसित गावठाणात द्यावयाच्या नागरी सुविधांत स्मशानभूमीचा समावेश असतो, पण नव्या जागी नदी नाही आणि जुन्या गावचे थडगे वा समाधी पाण्याखाली, ही वेदना कोणत्याही सुविधेने भरून निघत नाही. नदीकाठी राहिलेल्या गावांत पावसाळ्यात घाट बुडतात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस आलेल्या पुरात भंडारा शहराचा मोठा भाग पाण्याखाली होता. म्हणून प्रत्येक गावात उंचवट्यावर पत्र्याचे छत असलेला एक तरी दहनओटा असणे ही चैनीची बाब नव्हे.

दहन : एका देहास साधारणतः ३०० ते ५०० किग्रॅ. वाळलेले लाकूड लागते. लोखंडी जाळीच्या ओट्यावर हवा खालून खेळत असल्याने ते कमी लागते. आंबा, बाभूळ, येन यांची लाकडे, गोवऱ्या आणि पेटविण्यापुरते तूप वा राळ पुरेशी होते. तळाशी जाड ओंडके एकमेकांपासून चार बोटे अंतरावर आडवे टाकावेत, त्यांवर मध्यम लाकडे उभी ठेवून देह ठेवावा व वरून पातळ फाट्या रचाव्यात. फट न ठेवता ठासून रचलेली चिता धुमसते. पावसाळ्यात ओले लाकूड पेटत नाही म्हणून मोटारीचे जुने टायर व डीझेल वापरण्याची जी रीत काही ठिकाणी पडली आहे, ती सर्वथा त्याज्य आहे; धूर विषारी असतो आणि भडका उडून जवळचा माणूस भाजतो. मृग नक्षत्रापूर्वी ग्रामपंचायतीने एक-दोन दहनांपुरते लाकूड छपराखाली रचून ठेवल्यास हा प्रसंग येत नाही. तिरडीसाठी लागणारे बांबू या जिल्ह्यात मुबलक आहेत. चितेवर प्लॅस्टिकचे हार, कृत्रिम धाग्याच्या शाली व गाद्या टाकू नयेत. दहन पूर्ण होण्यास तीन ते सहा तास लागतात. तोवर दोन जबाबदार व्यक्तींनी तेथे थांबावे.

विधी : हिंदू कुटुंबांत देहास स्नान घालून नवे वस्त्र नेसवितात, मुखात तुळशीपत्र व गंगोदक घालतात, आणि मडक्यात विस्तव घेऊन ज्येष्ठ पुत्र पुढे चालतो. वाटेत विसाव्याच्या जागी तिरडी खाली टेकवून खांदेकरी बदलतात. चितेभोवती पाण्याच्या मडक्यासह तीन फेरे घालताना ज्या दगडाने मडक्यास छिद्र पाडतात, तो जीवखडा (अश्मा) दहाव्यापर्यंत जपून ठेवतात. अग्नी देण्याचा अधिकार पुत्राचाच, अशी समजूत असली तरी धर्मशास्त्रातील अधिकारक्रमात पुत्राच्या अभावी पत्नी व कन्या यांचीही नावे येतात. मुलींनी अग्नी दिल्याची उदाहरणे आता खेड्यांतही आढळतात. मुलगा परगावाहून पोचणे शक्य नसल्यास देह दोन दिवस ठेवण्यापेक्षा मुलीने अग्नी देणे हे शास्त्रास व व्यवहारास धरून आहे.

धनिष्ठेच्या उत्तरार्धापासून रेवतीपर्यंतच्या नक्षत्रपंचकात मृत्यू झाल्यास कुटुंब घाबरते. तथापि यासाठी दहन थांबवावे असे सांगितलेले नसून दर्भाच्या पाच पुत्तलींचे बरोबर दहन करावे असा विधी आहे. कमलाकरभट्टांचा निर्णयसिंधु (१६१२) आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा धर्मसिंधु (१७९०) या ग्रंथांत अशा अडचणींचे परिहार सविस्तर आले आहेत. सुतकाचा काळ सपिंडांना सामान्यतः दहा दिवस मानतात. पण विशिष्ट परिस्थितीत तत्काळ शुद्धी मानणारी ‘सद्यःशौच’ ही कल्पनाही त्याच परंपरेतील आहे. रोवणी किंवा कापणीच्या दिवसांत तिसऱ्या दिवशीच सर्व विधी उरकणारी कुटुंबे म्हणून धर्मबाह्य वागतात असे म्हणता येत नाही. [→ अशौच].

बौद्ध समाज या जिल्ह्यात मोठा आहे. नागपूर येथे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झालेल्या धर्मांतरानंतर त्याने जुने विधी टाकून साधी पद्धत स्वीकारली. देह स्नान घालून पांढऱ्या वस्त्रात ठेवतात. बुद्ध व आंबेडकर यांच्या प्रतिमांसमोर मेणबत्ती लावून भिक्खू किंवा बौद्धाचार्य त्रिशरण व पंचशील देतात, उपस्थित ते म्हणतात आणि दहन होते. पुढे सोयीच्या दिवशी जलदान व पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. पिंड, मुंडण, कावळ्याचा घास या गोष्टी नसल्याने ही पद्धत अल्पखर्ची राहावी अशी अपेक्षा होती. पुण्यानुमोदनाच्या दिवशी गावजेवणाची चाल शिरल्याने काही ठिकाणी ती अपेक्षा मागे पडली आहे. पवनी येथे १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूपाचे अवशेष सापडले. मृताचे धातू जतन करून त्यांवर स्तूप उभारण्याची परंपरा या मातीला दोन सहस्रकांहून अधिक काळ परिचित आहे, हे यावरून दिसते.

गोंड समाजात दफनाची रीत जुनी असून आता दहनही करतात. मृतास पितरांत मिळविण्याचा विधी पुष्कळ कुटुंबे पीक हाती आल्यावर सवडीने करतात. दुःखाच्या दिवसांत खर्चाचा भार न टाकणारी ही रीत इतरांनी विचारात घेण्याजोगी आहे. महानुभाव व लिंगायत यांच्यातही दफन करतात.

मुसलमानांत दफनास विलंब करीत नाहीत. पुरुषाच्या देहास पुरुष व स्त्रीच्या देहास स्त्रिया गुस्ल देतात. कफनाची पुरुषास तीन व स्त्रीस पाच न शिवलेली वस्त्रे असतात. जनाज्याची नमाज उभ्यानेच पढतात. भारतात किब्ला पश्चिमेस असल्याने कबर उत्तर-दक्षिण खणून देहाचे तोंड पश्चिमेकडे करतात. कबर खणण्यास काही तास लागतात व पावसाळ्यात तीत पाणी भरते, म्हणून कबरस्तानाच्या व्यवस्थापकांना प्रथम कळवावे. ख्रिस्ती कुटुंबाने धर्मगुरू व दफनभूमीची जागा या दोहोंची वेळ एकदम निश्चित करावी.

लहान मुलांचे बहुतेक सर्व समाजांत दफन करतात. गर्भारपणाच्या २८ आठवड्यांनंतर मृत जन्मलेल्या अर्भकाची नोंद ‘मृतजन्म’ म्हणून होते. जन्मून काही क्षण जगलेल्या बालकाचा मात्र जन्म व मृत्यू अशा दोन्ही नोंदी कराव्या लागतात. त्या न केल्यामुळे मातेस मिळणाऱ्या लाभांत अडचण येते, आणि ते मूल कधी जन्मलेच नव्हते अशी कागदोपत्री स्थिती राहते.

विधवेच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे हे प्रकार देह घरात असतानाच होतात. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव करून ही प्रथा बंद केली आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना तिचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. ठराव नसलेल्या गावातही घरातील एका वडीलधाऱ्या स्त्रीने ‘नको’ म्हटल्यास पुरते.

अस्थी व तेरवी : तिसऱ्या दिवशी राख सावडून अस्थी मडक्यात वा कापडात ठेवतात. विसर्जनासाठी वैनगंगेवरील पवनीचे घाट, अंभोऱ्याचा संगम आणि रामटेकजवळील अंबाळा तलाव ही ठिकाणे प्रचलित आहेत. ऐपत असलेले प्रयागला जातात. नागपूरचे सांडपाणी नाग व कन्हान या नद्यांवाटे वैनगंगेत येते व धरणाच्या फुगवट्यात साचून राहते. घाटावर मृताचे कपडे, अंथरूण, तसबिरी व प्लॅस्टिकच्या पिशव्या पाण्यात सोडण्याने त्यात भरच पडते. विसर्जन मूठभर अस्थींचे असते, उरलेली राख शेतात पुरण्यास कोणत्याही परंपरेची हरकत नाही.

तेरवीचे गावजेवण हा अंत्यविधीतील सर्वांत खर्चिक भाग होय, आणि शास्त्रदृष्ट्या सर्वांत कमी आवश्यक. मूळ विधानात मोजक्या ब्राह्मणांचे व आप्तांचे भोजन आहे. शेकडो पानांची पंगत ही प्रतिष्ठेतून आलेली आहे. सत्यशोधक समाजाने (१८७३) पुरोहिताविना विधी करून दाखविले. गाडगे महाराजांनी ऋण काढून केलेल्या दिवसकार्यावर आपल्या कीर्तनांतून कठोर टीका केली. तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत (१९५५) अंत्यसंस्कारावर स्वतंत्र अध्याय लिहिला. तुकडोजींचा प्रभाव पूर्व विदर्भाच्या खेड्यांत आजही आहे आणि गुरुदेव सेवा मंडळाची भजनी मंडळी अनेक गावांत मौन प्रार्थना व भजन यांवरच श्रद्धांजलीचा कार्यक्रम आटोपतात. तरीही तेरवीसाठी सावकाराकडे दागिना गहाण पडतो. ज्या कुटुंबाला जेवण टाळणे भावकीच्या भयाने शक्य नसते, त्याने निदान ते घरच्या भावकीपुरते ठेवावे व दिवंगताच्या इच्छेचा आधार घ्यावा. हयातीत ‘माझी तेरवी करू नका’ असे चारचौघांत सांगून ठेवणाऱ्या वृद्धांनी आपल्या मुलांवर मोठा उपकार केलेला असतो. मदत म्हणून भावकीने रोख रकमेऐवजी तांदूळ, लाकूड व श्रम द्यावेत ही झाडीपट्टीतील जुनी रीत या कामी उपयोगी आहे.

दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील १८ ते ५९ वर्षे वयाचा कर्ता मृत्यू पावल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २०,००० रु. एकरकमी मिळतात, अर्ज तहसील कार्यालयात करावा लागतो. नोंदित बांधकाम कामगारांच्या कुटुंबांस त्यांच्या कल्याणकारी मंडळाकडून अंत्यविधीसाठी वेगळे साहाय्य आहे. ही रक्कम दहनाच्या दिवशी हाती येत नाही, म्हणून तिच्या भरवशावर खर्च वाढवू नये.

मृत्यूची नोंद व वारस : जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार मृत्यूची खबर २१ दिवसांत देणे बंधनकारक आहे. घरी मृत्यू झाल्यास ही जबाबदारी कुटुंबप्रमुखाची, रुग्णालयात झाल्यास रुग्णालयाची. ग्रामीण भागात निबंधकाचे काम ग्रामसेवक (ग्रामपंचायत अधिकारी) पाहतो, शहरात नगरपरिषद. शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र विनामूल्य मिळते व ते नोंदीबरोबर जोडावयाचे असते. २१ दिवसांनंतर, पण ३० दिवसांच्या आत विलंब शुल्क भरून नोंद होते. एक वर्षापर्यंत जिल्हा निबंधकाची वा त्याने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. त्यापुढे दंडाधिकाऱ्याचा आदेश घ्यावा लागतो. तेरवी तेराव्या दिवशी असते आणि मुदत एकविसाव्या दिवशी संपते, म्हणून तेरवीच्या दुसऱ्या दिवशी नोंद करावयाची असे ठरवून टाकणे सोयीचे. दाखल्याच्या पाच-सहा प्रती एकदमच घ्याव्यात; बँक, विमा, निवृत्तिवेतन, शिधापत्रिका व तलाठी या प्रत्येकास एक लागते.

शेतजमिनीवरील हक्क वारसाहक्काने मिळाल्याची खबर महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांत तलाठ्याला (ग्राम महसूल अधिकारी) द्यावयाची असते. तो गाव नमुना ६-क या वारस नोंदवहीत नावे घेतो आणि चौकशीनंतर फेरफार होऊन ती सातबाऱ्यावर येतात. येथे विधवेचे व मुलींची नावे गाळण्याकडे भावांचा कल असतो. हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगा, मुलगी, विधवा व माता हे प्रथम वर्गाचे वारस आहेत. त्यांपैकी कोणास हक्क सोडावयाचा असल्यास तो वारस नोंद झाल्यावर नोंदणीकृत हक्कसोडपत्राने सोडता येतो. सुतकातल्या घरात, रडत्या विधवेचा अंगठा कोऱ्या कागदावर घेऊन नव्हे.